थांबवलंय, हात लावू नये

रविवार, ८ मार्च
सकाळी

ती. दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि त्याहून जास्त बाबा कुरकुरतात. गच्चीवरची टाकी एकदाची बदलली. ठमीने पाठवलेलं चित्र फ्रिजवर लावलंय. त्यातली ती जाडजूड बाई मी असेन, तर आत्याला एकदा नीट बघून जा म्हणावं तिला.

वहिनी परवा फोनवर सांगत होती, दुकानात तू एकेका सायकलीचा ब्रेक तीनतीनदा तपासतोस, गिऱ्हाईक ताटकळतं, आणि घरी आल्यावर दाराचं कुलूपही तीनदा ओढून बघतोस. ती हसत सांगत होती, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकलं नाही. हे पत्र त्याबद्दलच आहे. फोनवर तू मधेच "बरं, ते जाऊ दे" म्हणून विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले. वहिनीलाही वाचायला दे. तिला कळावं म्हणून तुला ठाऊक असलेलंही उलगडून लिहितेय, कंटाळू नकोस.

आधी ऑफिसची बातमी. आमच्याकडे एक मदतनीस आलाय, एआयवाला. विचारलं की सांगतो, प्रोग्राम लिहितो, लिहिलेला तपासतो. सगळे त्याला जावईबापू म्हणतात, कारण तो मागेल ते साहेब त्याच्या हातात ठेवतात. गेल्या महिन्यात त्यांनी त्याच्या हाती डीबगर द्यायचं काढलं. वहिनी, डीबगर म्हणजे चालता प्रोग्राम मधेच थांबवायचं साधन. थांबवायचा, आत कुठला आकडा किती झालाय ते बघायचं, हवं तर एखादा आकडा हाताने बदलायचा आणि पुढे सोडायचा. आजवर हे माणसंच करायची. आता जावईबापू स्वतःच थांबवणार, बघणार, बदलणार. ही मुभा द्यायची का आणि किती, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

मी कडाडून विरोध केला. "औषधाच्या पंपाचा प्रोग्राम आहे, खेळणं नाही. बघू दे हवं तेवढं, पण बदलायचं काही नाही," असं भर मीटिंगमध्ये सुनावलं. सगळ्यांना वाटलं, काय काळजी आहे हिला रुग्णांची! नाकाने कांदे सोलत होते, दादा. जावईबापूंची परीक्षा घ्यायला जुने, सापडून दुरुस्त झालेले दोष द्यायचे ठरले होते. त्या यादीत तिसरा तुझा पंप होता.

तुझा पंप. तू इथे नोकरीत असताना तपासून पास केलेला, म्हणून ऑफिसात अजून तसंच म्हणतात.

बॅटरीवरून विजेवर येताना तो एकच मात्रा दोनदा द्यायचा. वॉर्डातल्या त्या बाई नऊ दिवस शुद्धीवर नव्हत्या. चौकशीत निघालं की त्या प्रोग्रामवर बॅटरीवरून विजेवर यायची चाचणी पास होणं शक्यच नव्हतं, आणि फॉर्मवर तर तुझ्या हातचा, एकाच मात्रेचा आकडा आणि खाली तुझी सही. आकडा मनानेच लिहिला असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. "मी चाचणी केली होती, पास झाली होती," असं तू तीनदा म्हणालास. चौथ्यांदा म्हणाला नाहीस. तेव्हापासून तुझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही, असं मला वाटतं.

मंगळवारी जावईबापूंना तो प्रोग्राम दिला. परीक्षेपुरती साहेबांनी त्याला सगळी मुभा दिली होती. दोष दहा मिनिटांत सापडला आणि मी म्हटलं, सुटले. पण फॉर्मवरचा तुझा आकडा काही जुळेना, आणि हा गडी तिथेच अडून बसला. थांबव, बघ, बदल, सोड, पुन्हा थांबव. मी जेवून येते तोवर पडद्यावर उत्तर आलं होतं:

"फॉर्मवरचा आकडा मनाने लिहिलेला नाही. प्रोग्राम या जागी थांबलेला असताना बॅटरीची खूण, म्हणजे पंप बॅटरीवर आहे हे सांगणारा आकडा, कोणी हाताने शून्य केली, तर शेवटच्या दशांशापर्यंत हाच आकडा येतो. चाचणी खरोखर झाली होती. खूण कोणी बदलली, हे मला सांगता येणार नाही."

साहेब माझ्या मागे उभे राहून वाचत होते. "अरे, म्हणजे केली होती की त्याने चाचणी!" म्हणाले. मला रडूच फुटणार होतं. पण लगेच पुढे म्हणाले, "पास व्हावी म्हणून आकडा बदलला गड्याने. आपण निष्काळजी समजत होतो, हा तर लबाड निघाला."

दादा, ती मी होते.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं त्या दिवशी. डॉक्टरांचा फोन आला म्हणून तू बाहेर गेलास, जेमतेम वीस मिनिटं. जाताना प्रोग्राम थांबवून पडद्यावर तुझं पिवळं कार्ड लावून गेलास. नियम तूच घातलेला: ज्याचं कार्ड, त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मला नोकरीत चार महिने झाले होते. पंपावर दिसणारा, मी केलेला पडदा प्रोग्राममध्ये तुझ्या थांब्याच्या पुढे येत होता आणि तो बघायची मला कोण घाई! बॅटरीची ती खूण असेपर्यंत तो दिसेना, म्हणून मी ती शून्य केली. पडदा बघितला, प्रोग्राम परत तुझ्या जागेवर आणून ठेवला, कार्डसुद्धा सरळ केलं. खूण पूर्ववत करायची तेवढी राहिली. तू आलास, पुढे सोडलास, आणि जे दिसलं तेच लिहिलंस.

मला हे कधी आठवलं? चौकशीच्या पहिल्याच दिवशी. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर मिठाची गुळणी धरून बसले होते. आधी नोकरी जाईल म्हणून गप्प राहिले, मग फार उशीर झाला म्हणून. पुढे तुमच्याकडे यायचंच टाळलं. ठमीच्या वाढदिवसाला मला दर वर्षी येणारा ताप, तो कधी आलाच नव्हता.

मी हात लावला नसता तर चाचणी नापास झाली असती आणि तो पंप वॉर्डापर्यंत पोचलाच नसता. त्या बाईंचे नऊ दिवसही माझेच. त्यांनाही लिहिणार आहे.

साहेबांना मी तिथल्या तिथे सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "जुनी गोष्ट आहे," म्हणाले. "त्या उत्तरातला एवढा भाग काढून टाकू, फाइल बंद करू. तुझा भाऊ तर आता या धंद्यातही नाही."

"तो नाही, म्हणूनच," मी म्हटलं.

शुक्रवारी लेखी निवेदन दिलं, एक कंपनीला आणि एक त्या हॉस्पिटलला. त्याच दिवशी जावईबापूंबद्दलचा माझा निर्णयही दिला. द्या त्याला डीबगर, बदलायची मुभाही द्या. माझं ऐकून नुसतं बघू दिलं असतं, तर तुझा आकडा त्याला सात जन्मांत जुळवता आला नसता. तो कुठे थांबला, काय बघितलं, कशाचं काय केलं, हे सगळं त्याने ओळीने लिहून ठेवलं होतं. मी अटी घातल्या: प्रत्येक बदलाची अशीच नोंद राहील, दुसऱ्याच्या थांब्याला हात लावायचा नाही, आणि ज्या फेरीत काही बदललं तिच्यात चाचणी पास धरायची नाही. खाली आणखी एक ओळ टाकली, की हे माणसांनाही लागू. त्या ओळीवर दोघेतिघे फुरंगटले. "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणाले. माझ्यावर नाही, असं सांगितलं आणि ओळ ठेवली.

मला ठेवतात की काढतात ते गुरुवारी कळेल. काढलं तर दुकानात हाताखाली घेशील का, हे विचारायचं धाडस आज नाही. काहीही झालं तरी निवेदन मागे घेणार नाही. तू "जाऊ दे" म्हणशील हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून आधी सही केली आणि मग पत्राला बसले. आता तुलाही ते थांबवता यायचं नाही. रागाव, भांड, वर्षभर बोलू नकोस. मी पुढच्या रविवारी येतेय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी पायरीवर बसेन.

एवढंच ऐक. तू बघितलंस ते बरोबर बघितलं होतंस. ब्रेक एकदाच बघत जा.

सोबत निवेदनाची नक्कल आहे, आणि तुझं पिवळं कार्ड. तू टेबल आवरून गेलास त्या दिवशी मी ते उचललं होतं. "थांबवलंय, हात लावू नये." तुझंच अक्षर आहे.

हात लावणारी,
तुझी धाकटी