महादेव बुडेना

मु. होनाळगी, देवणीजवळ

ती. ईश्वरप्पा दाजींना धाकट्या मेहुण्याचा शरणु शरणार्थ. सिद्धम्माअक्काचे गुडघे आता कसे आहेत? नव्या जिल्ह्याच्या कचेरीत तुम्हाला पंख्याखालची खुर्ची मिळाली, हे ऐकून आम्हालाच गार वाटलं. आमच्याकडे उस्मानाबाद जाऊन लातूर जिल्हा आला; पाऊस मात्र बहुतेक जुन्याच जिल्ह्यात राहिला.

मृग कोरडा गेला, म्हणून रिवाजाप्रमाणे ओढ्याकाठचा महादेव कोंडायचं ठरलं. गाभाऱ्याची मोरी बुजवायची, पिंडी बुडेपर्यंत पाणी ओतायचं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो. (वरिष्ठांकडून काम करून घ्यायची ही रीत तुमच्या कचेरीतही असेल.) मोरी बुजवायचा मान पंच म्हणून माझा. बायांनी लांबच्या विहिरीवरून घागरी आणून ओतल्या, आणि पाणी गायब! परत ओतलं, परत गायब. पिंडी आपली उघडीच. सगळ्यांना माझ्या मोरीचा संशय. ती तपासली तर पक्की निघाली. मग देवळाचे स्वामी म्हणाले, गावात कुणीतरी पापी आहे. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच का पाहिलं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच वेळी भूजल खात्याचे एक साहेब गावात मुक्कामी होते. कुठली जमीन किती पाणी पिते याचा नकाशा करून ते पाझर तलावाची, म्हणजे पाणी मुरवून खालच्या विहिरी भरणाऱ्या तलावाची, जागा ठरवणार होते. त्यासाठी लोखंडी कडं जमिनीत ठोकायचं, त्यात पाणी भरायचं आणि पट्टी धरून बसायचं. (दुष्काळात मातीत पाणी ओतणाऱ्या माणसाला आमच्या बाया काय म्हणाल्या, ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.) आमच्या काळ्या रानात भेगा भरल्या की पाणी तसंच थांबे, साहेबांना तिथेच डुलकी लागे आणि शेळ्या येऊन मोजणी संपवत.

वैतागून ते देवळाच्या सावलीला भाकरी खायला आले. गाभाऱ्यात घागर रिकामी होते आणि पाणी पसार होतं, हे दिसताच भाकरी टाकून घड्याळ काढून उभे राहिले. "ओता, ओता, थांबू नका!" इतका भाविक सरकारी माणूस बायांनी पहिल्यांदाच पाहिला. साहेबांनी निदान केलं: फरशीचे सांधे उकललेत, खाली मुरूम, त्याखाली फुटका खडक. पापी वगैरे कोणी नाही, जमीन तेवढी तहानलेली! नकाशात देवळावर निळा ठिपका पडला: पाझर तलाव इथेच. महादेव आता सरकारी खर्चाने बुडणार.

गाव खवळलं. देव बुडवणारे तुम्ही कोण, असं (काल घागरी ओतणाऱ्यांनीच) विचारलं आणि तलाव रद्द करण्याचा अर्ज केला. तो तुमच्याच टेबलावर येईल. पहिली सही माझी, आणि ती मनापासून केली आहे. धर्मापुढे पाणी काय चीज आहे? अर्ज तेवढा लवकर पुढे सरकवा.

आपला,
चंद्रप्पा

ता.क. तलावाच्या खालच्या अंगाला पहिली विहीर माझी लागते, हे आपलं सहज आठवलं. अर्ज गहाळ झाला, उंदरांनी खाल्ला, तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही. पिंडी वरच्या माळावर नेता येते, असं स्वामीही खासगीत म्हणाले. पण हे मी गावात बोललो तर पापी कोण ते लगेच ठरेल.

ता.ता.क. मल्लम्माने पत्र वाचून घेतलं आणि आता तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहायला लावतेय: "दाजी, ह्यांचं काय बी ऐकू नका. ह्यांनी आजवर एक घागर उचलली न्हाई. पाणी वाहून वाहून आमच्या डोईचे केस गेले. देवाला बुडवायचंच हाय तर एकदा नीट बुडवा, म्हंजे आमी सुटू. त्यो अर्ज चुलीत घाला. तिथं चूल नसंल तर हिकडं धाडा, माझी पेटलेलीच हाय."