इंचॉनचं पाणी

२ सप्टेंबर १९५३
गोपीनाथची पलटण मद्रासहून जहाजात चढली. पोटचा मुलगा, पण मला कळलं ते वर्तमानपत्रातून. लढायला नाही, कैदी सांभाळायला चालले आहेत. कोरियातली लढाई थांबली, पण हजारो कैदी आपल्या देशी परत जायला तयार नाहीत. त्यांचं ठरेपर्यंत पहारा आपला.

ठाण्याहून नकाशा आणला. इंचॉन बंदर सापडलं. आमचं कोलशेत त्यात नाही!

५ सप्टेंबर
मला न विचारता फौजेत गेला त्याला दोन वर्षं झाली. मिठागर कोण बघणार, असं विचारलं तर म्हणाला, मला मीठ नको. मी म्हटलं, मग मलाही तू नकोस. तेव्हापासून पत्रं येतात ती सुनेला, शालूला. मी पहिला बोलणार नाही. मिठाच्या गोणींवरचे शिक्के बघून एकट्याने अक्षर शिकलेला माणूस मी — कुणाची मिनतवारी केली नाही कधी.

१८ सप्टेंबर
शालूला म्हटलं, पत्रात विचार, इंचॉनला भरती किती वाजता येते. माझ्या अभ्यासासाठी. बाकी काही नाही. ती खाली बघून "बरं बाबा" म्हणाली. चुलीपासून आमच्या हिने ऐकवलंच — "दोघांची तोंडा शिवलेली. मधी ही पोर मरतेय."

१० ऑक्टोबर
उत्तर आलं! पत्र तिने हातात दिलं नाही. नवऱ्याचं पत्र, मीही मागितलं नाही. सत्तावीस तारखेला दुपारी पावणेचारला पूर्ण पाणी, एवढं सांगितलं.

वही काढली. बांधातून भरतीचं पाणी आत घ्यायचं आमचं फळ्यांचं दार, ती उघाडी. तिच्यापाशी पाणी कधी चढलं ते मी रोज टिपतो, मिनिटासकट. २७ सप्टेंबर — पावणेचार!

म्हणजे इथून तिथवर पाणी एकच. एकाच वेळी फुगतं, एकाच वेळी उतरतं. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

१७ ऑक्टोबर
उघाडीवर उभा होतो. पायाला पाणी लागलं. त्यालाही लागलं असेल.

२५ ऑक्टोबर
दुपारी मिठाच्या राशीच्या सावलीत डोळा लागला. खाडीतून लढाऊ जहाज आत आलं. आवाज नाही, धूर नाही. राखी रंग, कठड्याशी शिपाई ओळीने उभे, सगळ्यांची तोंडं गावाकडे. मिठागराच्या वाफ्यांत त्याची सावली एकेक करून सरकत गेली. आणि मी काय करत होतो? बांबूने खोली मोजत होतो! ओहोटीला आमच्याकडे दोन वाव पाणी, एवढं मोठं जहाज रुतायचं — ओरडून सांगायचं होतं. तोंड उघडेना.

३ नोव्हेंबर
दुसरं उत्तर. तेरा ऑक्टोबरला संध्याकाळी पाच वाजून सव्वीस मिनिटं. माझी वही — पाच सव्वीस. त्या दिवशी खाडीत वारा उलटा, म्हणून अकरा मिनिटं उशीर. तिकडेही तोच वारा!

नाथा कोळ्याला दाखवलं. बोटींवर खलाशी होता तो, जग फिरलाय. पोट धरून हसला. "अरं, वारा काय तिकीट कारून बोटीत बसला?"

त्याच्याशी आता बोलणार नाही.

१४ नोव्हेंबर
ठाण्याला न्हाव्याकडे जुना पेपर होता. मी ओळ सोडत नाही. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या शिपायांना तिथल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलून थेट आतल्या छावणीत नेलं. तिथून समुद्र कैक मैल.

अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो.

शालू चौथी शिकलेली आहे. माझी वही देवळीत असते.

१५ नोव्हेंबर
बोलणार होतो. खोटं मला खपत नाही, आकड्यातलं तर नाहीच. दारात गेलो तर ती पाटीत मासे धूत बसलेली, ओठ हलत होते. तारीख आणि वेळ — घोकत होती. चुकायला नको म्हणून.

मागच्या मागे बांधावर गेलो.

२९ नोव्हेंबर
तिसरं उत्तर. मी लिहून घेतलं. खोटी नोंद, माहीत असून — आयुष्यातली पहिली. "बरोबर आहे," म्हटलं. तिने श्वास सोडला.

६ डिसेंबर
शालूला म्हटलं, पत्ता दे. मीच लिहितो त्याला.

तिने ट्रंक उघडली. आत सगळ्यांत वरचं पत्र ऑगस्टमधलं, मद्रासचं. घड्यांवर फाटलेलं.

"या नंतर आलाच नाय, बाबा. एकपन नाय."

पत्ता उतरवला. दोघं मिळून लिहायला बसलो आहोत. 'चि. गोपीनाथ, बरा आहेस ना' — याच्या पुढे दोघांनाही सुचत नाही.