परत ये आणि नीट म्हण

१९ फेब्रुवारी, दुपार

ताईसाहेब,

पत्राच्या सुरुवातीला ‘इकडे सगळे मजेत आहेत’ असं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. आता खरं लिहिते. आईचा गुडघा ठणकतोय, बाबांना सर्दी झालीय आणि मी जेवते, गोळ्या घेते, दोनदा सांगितलं की आंघोळ करते. तुझे सगळे मेसेज वाचले. फोन मुद्दामच उचलले नाहीत. ‘पुन्हा तसं वाटलं तर मला सांगशील का’ हे तू विचारलंस, तेही वाचलं. उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी बातम्या सांगते, कारण आज अंगात त्राण नाही आणि बातम्यांना डोकं लागत नाही.

पहिली बातमी कड्यांची. मी हॉस्पिटलमधून यायच्या आधी बाबांनी घरातल्या आतल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. माझ्या खोलीला नवं दार केलं, कारण जुनं त्या दिवशी खालच्या लाँड्रीवाल्या काकांनी खांदा मारून तोडलं होतं. सुतार माणूस, दार फक्कड झालंय, पण आतून नुसतं गुळगुळीत. बाथरूमलाही कडी नाही. मग आत कोणी आहे हे कळायचं कसं? आई आत गेली की मोठ्याने पाढे म्हणते. बाबा खोकतात. सध्या ते सर्दीने बाहेरसुद्धा खोकतात, त्यामुळे बाथरूम रिकामं आहे की नाही हे कुणालाच कळत नाही. मला म्हणाले, “तू गुणगुण की, भुंगे. दिवसभर तेच तर करायचीस.” मी बादलीवर टकटक करते. गुणगुणणं जमत नाही सध्या.

मावशी येऊन गेली. आई चहा टाकायला उठली तशी माझ्या कानाशी लागून म्हणाली, “मला सांग, कुणी मुलगाबिलगा होता का?” एखादा मुलगा असता तर तिला किती बरं वाटलं असतं. वर्गशिक्षिकाही आल्या होत्या. इतकी हुशार मुलगी, हिला कशाची कमी होती, असं आईला विचारत होत्या. मी समोरच बसले होते. कमी कशाचीच नव्हती गं. मी दमले होते, एवढंच. सकाळी उठून ब्रश हातात धरायचा तरी जिवावर यायचं. शाळेत हसायचं, घरी येऊन पुन्हा हसायचं, आणि आतून कुणीतरी सारखं म्हणायचं की तू नसलीस तर यांच्या डोक्याचा ताप जाईल. डॉक्टरबाई म्हणतात, तो आजार बोलतो, तू नाही. मला अजून दोन्ही आवाज वेगळे करता येत नाहीत. शिकतेय.

काकांचा हात अजून गळ्यात बांधलेला आहे. डाव्या हाताने इस्त्री करतात आणि गिऱ्हाइकांच्या कॉलरी वाकड्या होतात. आईबरोबर त्यांच्याकडे गेले होते, माफी मागायला. मी इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या मोजत उभी राहिले. तेच म्हणाले, “दार भलतंच जाड होतं बाई. बापाला सांग, पुढच्या वेळी जरा पातळ लाव.” बोलून गेले आणि जीभ चावली. मग इस्त्री बाजूला ठेवून म्हणाले, “पुढची वेळ नको हं.” मला एकदम हसू आलं आणि मग रडू. काकांनी कुणाचा तरी धुतलेला रुमाल दिला. तो परत धुवावा लागला असणार.

आता तो फोन.

मी लहान असताना शाळेला निघताना ‘जाते’ म्हणायचे आणि तू मला जिन्यावरून परत बोलवायचीस. ‘जाते नाही म्हणायचं, येते म्हणायचं. परत ये आणि नीट म्हण.’ मी पाय आपटत वर यायचे. तुझ्यापायी कितीदा बस चुकली. त्या दिवशी तुझी जेवणाची सुट्टी होती, कामावर सकाळभर चष्म्याच्या काचा घासून तू वैतागली होतीस. मी इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हटलं, “बरं ताई, जाते.” फोन बंद करून टाकला. तू घास खाली ठेवलास आणि थेट काकांना फोन लावलास, कारण आईबाबा कामावर होते आणि काका खालीच होते.

नंतर मला सगळ्यांची लाज वाटली, पण राग फक्त तुझा आला. हॉस्पिटलात तू उशाशी येऊन बसलीस आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले. निघताना तू ‘येते गं’ म्हणालीस, तरी मी वळले नाही. एका शब्दावरून तुला कळलंच कसं, याचाच राग होता. आणि हे लिहायचं मी मघापासून टाळतेय: तो शब्द चुकून गेला नव्हता, ताई. तो पकडणारं माणूस जगात एकच आहे हे मला ठाऊक होतं, आणि मी फोन त्याच माणसाला केला. म्हणजे मला थोडंसं सापडायचं होतं. हे मला परवा कळलं.

कारण परवा पुन्हा तसं वाटलं. घाबरू नकोस, पुढे वाच. आई बाजारात गेली होती, बाबा डबा घेऊन दारात होते, ती आली की निघणार होते. मी म्हटलं, “बाबा, आज मला सोडून जाऊ नका.” त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या चपला पायाने पुढे सरकवल्या. त्यांच्या फर्निचरच्या कारखान्यात नेऊन एक खुर्ची समोर ठेवली आणि हातात पॉलिशपेपर दिला. मी दिवसभर ती खुर्ची घासली, नाकातोंडात भुसा गेला. संध्याकाळी डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी गोळी बदलली, आणि सांगितलंस ते फार चांगलं केलंस म्हणाल्या. येताना बाबा एवढंच बोलले, “मागचा पाय जरा खरखरीत राहिलाय.”

आज सकाळी बाथरूमच्या दाराकडे लक्ष गेलं. बाबा लाकडात खिळ्याचं भोकसुद्धा उघडं ठेवत नाहीत, लगेच बुजवून मोकळे होतात. कडीची भोकं मात्र तशीच आहेत. विचारलं तर म्हणाले, “परत लावायचीय ना कधीतरी.” आत गेल्यावर मी थोडं गुणगुणले. बेसूर होतं. आईने बाहेरून पाढा म्हणत साथ दिली.

तर तुझं उत्तर. नोकरी सोडून येऊ नकोस, इथे पहारेकरी पुष्कळ झालेत. पुन्हा तसं वाटणार नाही असं वचन मला देता येत नाही. पण सांगेन. तेव्हा माझ्याकडे शब्द नसतील, तू कारण विचारत बसू नकोस. मी फोन करून फक्त ‘जाते’ म्हणेन. तू आधी काकांना खालून वर पाठव आणि मग मला लहानपणी म्हणायचीस तेच म्हण. मी पाय आपटेन, पण परत येईन.

आई हाक मारतेय, पत्र टाकायला तिच्याबरोबर खाली जायचंय.

येते.

तुझी,
भुंगी