बाकांचा फर्मा

प्रिय धाकटे लेकी,

आशीर्वाद. मागील पत्रास पाच वर्षे झाली. तेही सूनबाईने, तुझ्या वहिनीने, लिहिले होते, मी केवळ सही केली होती. हे मात्र स्वतः लिहीत आहे. शिक्षण चौथीपर्यंतचे असले तरी माझे अक्षर अजून वळणदार आहे, हे तू मान्य करशील.

तुझ्या थोरल्या भावाने फोनवर कळवले असेलच. माझे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि डावा पाय दोन बोटे आखूड झाला. डॉक्टर म्हणाले, होते असे कधी कधी. मी कारागिराला असे उत्तर देऊ दिले नसते. आता माझ्याच हातच्या खुर्चीत बसलो, तरी एक पाय अधांतरी राहतो. कंबर ठणकते. बसवा म्हणतो, लगेच उठवा म्हणतो. परवा थोरला वैतागला, "दादा, एका जागी नीट बसा की!" हे वाक्य या घरात प्रथम कोणी आणि कोणाला उद्देशून उच्चारले, ते तुला ठाऊक आहे. सूनबाईने पायाखाली खोके सरकवले. मी हरकत घेतली नाही.

आपल्या कारखान्यात आजही ज्यावरून बाकांच्या फळ्या आखून कापतात, तो प्लायवूडचा फर्मा मी पंचविसाव्या वर्षी स्वतःच्या देहावरून बेतला. गुडघ्याची उंची माझी, पाठीचा कोन माझा. मुलांसाठी सरसकट चार बोटे वजा. गिऱ्हाईक कुरकुरले, तर म्हणत असे, "बाक बरोबर आहे, तुम्ही बसायला शिका." त्याचा मला अभिमान होता.

तुझ्या शाळेलाही तेच बाक दिले. तुझा डावा पाय जन्मतःच आखूड, तो दिवसभर लोंबकळत असे. तिसरीत असताना तू पाय टेकायला फळीचा तुकडा आणून स्वतःच्या हाताने बाकाखाली ठोकलास. मी वर्गात येऊन, चाळीस मुलांदेखत, तो उपटून काढला. "माझ्या कामाला ठिगळ लावतेस?" असे मी म्हणालो. तू रडली नाहीस. खिळा मात्र अगदी सरळ बसवला होतास. ते मी तेव्हाच पाहिले होते आणि बोललो नव्हतो.

पुढे तू अपंगांसाठी खुर्च्या घडवू लागलीस. प्रत्येकाचे माप वेगळे घेतेस, हे ऐकून मी चारचौघांत हसलो होतो.

आता पत्राचे कारण. एका शाळेची दोनशे बाकांची मागणी आली आहे. सोमवारी कापणी सुरू होईल. मी थांब म्हणालो, तर थोरला विचारतो, "मग माप कुणाचं घेऊ?"  म्हणून गेल्या मंगळवारी गाडी करून त्या शाळेच्या फाटकासमोर जाऊन बसलो. सुटलेली मुले पाहिली. एकसारखी दोन सापडली नाहीत. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. फर्मा मी गादीखाली घालून त्यावर निजतो. टोचतो, परंतु मला दोघांनी उचलल्याशिवाय तो कोणाला मिळणार नाही. रविवारपर्यंत मी त्यांना उचलू देणार नाही. त्यापूर्वी ये आणि बाक कसे असावेत ते थोरल्याला समजावून सांग. मीही शेजारी बसून ऐकेन.

तुझाच,
दादा