पल्लवीच्या सोयरिकीआधी रक्त

४ जाने., रवि.
भिलाई-३ चे लोक पल्लवीले पाहून गेले. मुलगा रूपेश, रेल्वेत. आमच्या पोरीच्या मनात भरला, तोंडावरच दिसत होतं. चहा झाला अन् मी बोललीच. "पल्लवीच्या रक्तात सिकलसेल आहे. तिले तरास काही नाई. पण मुलाचंही रक्त तपासा, मगच पुढचं बोलू."
रूपेशचे बाबा उठले. "आमच्या खानदानात असलं काही नाई."
नसन तं तपासाले भेता कावून?

५ जाने.
हे स्टील प्लांटमधून आले तेच तापलेले. "पहिल्याच भेटीत सांगाची काय घाई होती? लग्न झाल्यावर कोण विचारते?"
म्हटलं, आपल्या दोघांच्या रक्तात होतं. लग्नाआधी कोणी तपासलं नाई, म्हणून आपल्या पोराच्या, सागरच्या वाट्याले पूर्ण बिमारी आली. थंडी पडली की हाडं धरून कण्हते एवढा मोठा माणूस. हेच दुसऱ्या घरी पाठवू?
सागर आतून म्हणे, "बाबा, आई बरोबर बोलून राहिली."
हे न जेवता झोपले. झोपू दे.

९ जाने.
रुआबांध्याहून जाऊबाईचा फोन. "पोरीले बट्टा लावला तू. आता समाजात कोण करन तिले?"
करन नाई तं नको करू. फोन ठेवला.

१७ जाने.
हळदीकुंकू. तिळगूळ देता देता एकेकीले सांगतलं, नवरा-नवरी दोघांच्या रक्तात असलं तं लेकरू सागरसारखं होऊ शकते. लग्नाआधी तपासा. सरकारी दवाखान्यात होते.
जाऊबाई वाण न घेता गेली. दोघी-तिघी हसल्या. शेजारची मात्र चपला घालता घालता हळूच म्हणे, "आमच्या पिंकीले घेऊन चलसान का?"
सोमवारी जातो आमी. अजून एक घर.

२३ जाने.
रूपेश आला! एकटाच. "काकू, रक्त देऊन आलो. बाबाले सांगतलं नाई." रिपोर्ट यायचा आहे. चहा पेऊन गेला. ह्यांनी त्याले फाटकापर्यंत सोडलं, स्वतःहून.
मंग पोळ्या करताना पल्लवी म्हणे, "त्याच्यातही निघालं तं?"
म्हटलं, मंग नाई.
"मी त्यालेच करन, आई. लेकराचं काय ते आमी डॉक्टरले विचारू, आमी ठरवू. तू फक्त तपासाले सांगतलं होतं."
गॅस बंद करून गेली. पोरगी माझ्यावरच गेली. साऱ्या जगाशी भांडली मी, हिच्याशी कोणत्या तोंडानं भांडू?