टाळ्या नकोत

आईस, तुझ्या थोरलीचा नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

काल आमच्या संस्थेच्या लाँड्रीत पाहुणे आले होते. आमच्यासारख्या हळू शिकणाऱ्यांच्या हक्कांवर बोलायला! मी चादरींना इस्त्री करत होते. त्यातल्या एक बाई माझ्यासमोरच आमच्या संस्थेच्या मॅडमना म्हणाल्या, "हिला बोललेलं कळतं?"

मी म्हटलं, "मलाच विचारा. कळतं मला."

तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! चाळिशीला आले मी, पहिलं पाऊल टाकणारं बाळ आहे का? शी! किळस आली नुसती. पुढे मला कोणी काही विचारलंच नाही.

आणि आई, तूसुद्धा! फोन केलास की मॅडमना विचारतेस, "ती जेवली का?" मला विचार. जेवण माझ्या पोटात जातं, मॅडमच्या नाही.

रागावलेली, पण तुझीच,
थोरली