तिसऱ्या गाण्यातली खोट

४ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत माझं पेपरातलं कात्रण आहे. यावेळी तीन आल्बमवर लिहिलंय, एक रॉक, एक पॉप, एक जॅझ. तिन्ही रेकॉर्डही पार्सलमध्ये आहेत. ऐक, आणि नेहमीसारखी माझी सालटी काढ.

खरं काम वेगळंच आहे. बाबांच्या बँडचा शेवटचा आल्बम कंपनी पुन्हा काढते आहे. जुनी टेप साफ करणारा रेकॉर्डिस्ट म्हणतो, तिसऱ्या गाण्यात ड्रम थांबल्यावर, बाबांचा सॅक्सोफोन सुरू व्हायच्या आधी कुणीतरी खोकलंय. त्याला ते पुसता येतं. नेमकी सगळ्यात शांत जागा आहे ती, मला वाटतं पुसावं. आई गेल्यापासून बाबांच्या मागे आपण दोघीच, म्हणून सोबतच्या परवानगीच्या कागदावर तुझीही सही लागते. शिवाय तू याच कंपनीच्या कारखान्यात रेकॉर्ड तपासायचीस, तुझ्या कानापुढे मी काय बोलणार! वीस तारखेच्या आत कळव.

लोभ आहेच. तो थोडा शब्दांतही दाखवलास तर बिघडणार नाही.

तुझी टकळी


९ मार्च

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. कात्रण दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा काही कळलं नाही. ‘सुरांचा निळसर धूर’ म्हणे. एकतीस वर्षं कारखान्याचा धूर खाल्ला, निळा कधी दिसला नाही. शाळेने मला चार वर्षं पाहिलं आणि सोडून दिलं, तरी धूर ऐकू येत नाही एवढं मला कळतं.

ते रॉकवाले चौघे भांडी आपटतात. पण चौघेही एकाच वेळी आपटतात, म्हणून मला आवडले. तू त्यांना उद्धट म्हटलंस. अगं, उद्धट माणूस निदान दार वाजवून आत येतो. त्या पॉपवाल्या गुळाच्या ढेपेचं एवढं कौतुक कशासाठी? ओठांच्या आत काही नाहीच त्याच्या. दहा गाणी, दहाही एकाच साच्यातली. आम्हीसुद्धा साचा झिजला की बदलायचो. जॅझवाला म्हातारा पियानोवर पत्ता विसरल्यासारखा हिंडतो, आणि शेवटी बरोबर आपल्याच दारात येऊन उभा राहतो. त्याला पुन्हा ऐकलं. दुसऱ्या बाजूला, पहिल्या गाण्याच्या तोंडाशी खट् वाजतं. ती रेकॉर्ड बदलून घे.

गुडघा दुखतो. शेजारीण रेडिओ भिंत हलेल एवढा लावते आणि बहिरी मला म्हणते.

खोकल्याचं म्हणशील तर पुसा. खोट ती खोट. त्यावर पुन्हा पत्र नको.

जेवत जा. लिहिणाऱ्यांना वाटतं शब्दांनी पोट भरतं.

तुझी आजी


१३ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

नको म्हणालीस म्हणूनच लिहिते आहे. दुसऱ्याच्या रेकॉर्डवरचं एक खट् तुला खपलं नाही, आणि बाबांच्या गाण्यातला खोकला दोन ओळींत उरकलास. केवढा आहे, कसा आहे, एक शब्द विचारला नाहीस. तुला तो माहीत होता.

रेकॉर्डिस्टने पुन्हा पाहिलं. प्रत्येक वाद्याला वेगळा माइक होता आणि खोकला फक्त सॅक्सोफोनच्या माइकवर आहे. आजी, मी तेव्हा दीड वर्षाची होते. बाबांचे फोटो आहेत, पाच आल्बमभर त्यांचा बाजा आहे, पण आवाज कुठेच नाही. ते गायले नाहीत, बोलले ते कुणी जपून ठेवलं नाही. तो खोकला मी अकरा वेळा ऐकला. पण शेजारी दुसरं कुणी उभं असेल, तर परक्याचा खोकला मी आयुष्यभर बाबांचा म्हणून कवटाळून बसेन. तूच सांगू शकतेस. ते बाबाच आहेत का?

रागावलीस तर रागावूनच लिही, पण लिही.

तुझी टकळी


१७ मार्च

चि. टकळीस,
आशीर्वाद.

तोच आहे.

आता ऐक. शंभरातली एक रेकॉर्ड आम्ही पूर्ण ऐकायचो. वर नाव नसायचं, नुसता नंबर. खोट सापडली की लाल खडूने फुली, खाली तपासणारीचा नंबर, माझा सतरा, आणि गठ्ठा परत वितळवायला. तुझ्या बापाला मीच कारखान्यात चिकटवलं होतं. बाजासाठी त्याने ते काम सोडलं, तेव्हा मी म्हटलं की फुंक्या, पुन्हा नोकरी धरल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. माझाच पोरगा तो, आठ महिने दाखवलं नाही.

त्या आठ महिन्यांतच ती रेकॉर्ड माझ्या टेबलावर आली. तिसऱ्या गाण्यात खोकला. मी फुली मारली. तीन गठ्ठे परत धाडले. मुकादम म्हणाला, खोट टेपमध्येच आहे, कंपनीला चालते, तू सोड. मी म्हटलं, मग त्या खोकणाऱ्याला हाकला, फुंकणाऱ्यांना काय तोटा आहे. सगळी खोली हसली. मीही हसले.

पाच महिन्यांनी तुझी आई मला बोलवायला आली, तेव्हा त्याच्या छातीत काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पाच-सहा महिने आधी आणायला हवं होतं. पाच महिने आधी तो माझ्या कानात खोकत होता.

तो गेल्यावर तुझ्या आईने ती रेकॉर्ड लावली. मी आतल्या खोलीत होते. खोकला ऐकला आणि पाण्याचा पेला भरून बाहेर आले. दारात उभी राहिले तेव्हा कळलं. तुझ्या आईने विचारलं, पाणी कुणाला? मी म्हटलं, मला. आणि प्यायले. तिला कधी सांगितलं नाही. पुसा म्हटलं ते एवढ्याचसाठी. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

कागद सही करून पाठवते आहे. खाली माझ्या अक्षरात लिहिलंय, तुमच्या रेकॉर्डिस्टला लागलं तर दाखव: तिसरं गाणं तपासलं. खोट नाही. सतरा नंबर.

राग आला तर खुशाल धर, पण पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी आजी

ता. क. नवीन रेकॉर्ड निघाली की एक मला पाठव. तुझी मात्र सारखी वाजवू नकोस, सुई त्याच जागेवर घासून घासून आवाज खाते. माझ्या रेकॉर्डवर तिथे आता नुसती खरखर आहे.